मावशीला विचारा : यंदा नाताळाचं कोण करणार?

दिवाळीचे डबे धुऊन ठेवले नाही ठेवले की या पानावर नाताळाची पत्रं सुरू होतात. यंदा व्हॉइस नोटपण लय आल्या, एका आजींच्या नोटमध्ये मागं कोंबडा इतका आरवून राहिला होता की प्रश्न काय ते कळायला त्यांच्या नातवाला फोन लावावा लागला. गंमत म्हणजे केकचे प्रश्न कमी आणि माणसांचे जास्त. कोण गेलं, कोण पुण्याला गेलं, कोण कोणाशी बोलत नाही, आणि मग आता नाताळाचं करायचं कोणी. सिनेमात नाताळ म्हटला की गोवा दाखवतात नाहीतर बांद्रा, आपल्याकडं तुरीच्या वावरामागं टिनाच्या छपराचं चर्च असते आणि तिथंपण हाच सण होते, तो दाखवायला कोणी कॅमेरा घेऊन येत नाही. म्हणून या अंकात सगळी पत्रं आपल्या विदर्भातल्या खेड्यांमधलीच घेतली. नावं देत नाही, लांब पत्रं जरा कापली, राग मानू नका.

प्रश्न : मावशी, सलाम. माझं माहेर हिंदू, सासर ख्रिस्ती, लव्ह मॅरेज आहे. सासूबाई मागच्या पावसाळ्यात गेल्या. डिसेंबर लागला की त्या एकहाती सगळं करायच्या, नानखटाई, करंज्या, शेव, चिवडा, अनारसे, मी फक्त तळायला नाहीतर भरायला बसायची. यंदा मी म्हटलं यवतमाळहून रेडीमेड आणू, तर मालक म्हणाले मग नाताळ करायचाच कशाला. मला रडू आलं आणि रागपण आला, कारण दिवसभर कापूस वेचायला मी, घरी आल्यावर चुलीपुढं पण मी. आणि अनारसे तर माझे तुपात टाकले की हसतातच, म्हणजे फुटून पसरतात. काय करू?
— एक सून, दारव्हा तालुका

मावशी : पोरी, आधी मालकांचं बघू. ते फराळावर रागावलेले नाहीत, आई गेल्याचं त्यांना बोलता येत नाही आणि ते सगळं त्या रेडीमेडच्या पुड्यावर निघालं. हे तू समजून घे. पण समजून घे म्हटलं म्हणजे चार किलो मैदा तू एकटीनं मळ असं नाही, आणि हे त्यांच्या कानावर जायला पाहिजे, म्हणून हे पान उघडं करून त्यांच्या चहाजवळ ठेव.

मग त्यांना एकच विचार, आईच्या हातचं तुम्हाला नेमकं काय पाहिजे? माणसं या प्रश्नाला यादी सांगत नाहीत. बहुतेक एकच काहीतरी सांगतात, आणि कधी कधी ते खायचंपण नसते, आई बेकरीतून रात्री डबा घेऊन यायची तेव्हा घरभर वास यायचा असलं काहीतरी असते. जे सांगतील तेवढं घरी कर, बाकीचं खुशाल यवतमाळहून आण, बाजारच्या शेवेनं कोणाचा नाताळ बाटत नाही.

समजा नानखटाई म्हणाले. तर मग ती घरी करायचीच नाही, तालुक्याच्या भट्टीवर जायचं, आणि दोघांनी जायचं. मैदा, पिठीसाखर, डालडा नाहीतर तूप, थोडं बेसन, थोडा रवा, वेलची घरून न्यायची. बेकरीवाल्या चाचांची पाव-टोस्टची खेप निघून भट्टी जरा उतरली की मगच नानखटाईचा नंबर लागते, म्हणजे संध्याकाळनंतरच. तिथं परातीत तूप आणि साखर हातानं फेसत बसायचं, पांढरं पडेपर्यंत, हे काम मालकांना द्यायचं कारण यातच हात मोडून येतो. मग मैदा घालून गोळे, गोळे चपटे करून काळ्या पत्र्यावर मांडायचे, वर चारोळी दाबायची. एका वेळी चार घरचे पत्रे आत जातात तर ओळखायचे कसे, म्हणून कोणी चारोळी मधोमध लावते, कोणी एका कडेला, कोणी दोन लावते. तुझ्या सासूबाईंची खूण कोणती होती ते चाचांना विचार. भट्टीवाल्यांना गिऱ्हाईकाचं नाव आठवणार नाही पण चारोळी आठवते.

आता अनारसे. हसतात म्हणजे एक तर गूळ जास्त झाला नाहीतर तूप नीट तापलेलं नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर सावलीत पसरवून ओलसर असतानाच दळायचे, बारीक चाळायचे, गूळ मिसळून गोळे डब्यात ठेवून द्यायचे. पाच-सहा दिवस तरी मुरले पाहिजेत, म्हणजे पंधरा तारखेला तांदूळ भिजलेले पाहिजेत. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप वर उडवायचं. पहिला एकच टाकून बघायचा, हसला तर पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळायची. पण खरं सांगू, तुझ्या आईला हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं येत असेल, अधिक महिन्यात जावयाला देतातच ना अनारसे. तिलाच बोलाव चार दिवस. लव्ह मॅरेजनंतर माहेरचं काय जमलं काय नाही ते तू लिहिलं नाहीस, मीपण विचारत नाही, पण अनारशासाठी बोलावणं आलं तर आईला यायला सोपं जाते.

आणि एक काम राहिलंच. सासूबाई फराळ करायच्या तेवढाच वाटायच्यापण असतील. दिवाळीत कोणाच्या घरून काय आलं, कोणाचा डबा आपल्याकडं राहिला, कोणाला शुगर झाली म्हणून तिकडं शेव जास्त आणि करंजी कमी, कोणाकडं यंदा दुःख झालं म्हणून तिथं ताट नेऊन जरा बसायचं, ही सगळी वही त्यांच्या डोक्यात होती. हे काम मालकांकडं दे. ताटं घेऊन घरोघरी त्यांनीच फिरायचं. प्रत्येक घरी कोणी ना कोणी आईचं काढेल, आणि जे त्यांना घरात बोलता येऊन नाही राहिलं ते पाच-सात ओसऱ्यांवर बसून बोलून होईल.

प्रश्न : मावशी, मी सहावीत आहे. आम्ही घरी येशूच्या जन्माची गव्हाण करतो. आमच्याकडं बैल नाही म्हणून मी माझा तान्ह्या पोळ्याचा लाकडाचा बैल ठेवला. त्याला चाकं आहेत. माझी ताई म्हणते असं चालत नाही, तो पोळ्याचा आहे. आजी म्हणते चालते. कोण बरोबर?
— एक मुलगा, उमरेडकडचा

मावशी : आजी.

ताईला सांग की बायबलात बैल आहे असं लिहिलेलंच नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळाला गव्हाणीत ठेवलं एवढंच आहे, मग गव्हाण आली म्हणजे गुरंपण असणार असं लोकांनी धरून घेतलं. आणि अशी गव्हाण मांडून दाखवायची पद्धत लय गाजवली ती इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसनं, १२२३ साली, ग्रेच्चो नावाच्या गावात. त्यानं तर खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. त्यांच्या गावचा बैल त्यांनी ठेवला, तू तुझ्या गावचा ठेव. चाकं दिसत असतील तर पुढं कडबा टाक थोडा. छप्पर पऱ्हाटीच्या काड्यांचं कर, आणि हिरवं गवत पाहिजे असेल तर भुजल्या पेरतात तसे गहू एका टोपल्यात माती घालून पंधरा तारखेच्या आसपास पेर आणि रोज थोडं पाणी शिंपड, पंचवीसपर्यंत बोटभर वर येतात. बैलाचं तोंड मात्र बाळाकडं असू दे, फोटो काढायला सगळे त्याला आपल्याकडं वळवतात.

प्रश्न : मावशी, आमच्या गावात कॅरोल पार्टी लय जोरात राहायची. रातभर घरोघरी गाने म्हनत फिरायची, ढोलकी, टाळ, पेटी, समोर गॅसबत्तीवाला. आता अर्धे पोट्टे पुण्याले कंपनीत हायेत, त्याईले पंचवीसचीच सुट्टी भेटते. गावात सात-आठ जनं उरलो. त्यातबी दोन चर्चच्या दोन मंडळ्या, हे त्याईच्यात येत नाही न् ते याईच्यात जात नाही. म्हतारे म्हनतात ढोलकीच पाहिजे, आमाले गिटार पाहिजे, गिटार येते कोनाले त कोनालेच नाही. मागच्या साली ब्लूटूथ स्पीकरवर गाने लावून फिरलो त लोकायनं दारबी नाही उघडले. पार्टी बंद करावं का?
— तरुण संघाचा एक पोट्टा, अचलपूरकडचा

मावशी : अरे बाप्पा, स्पीकर फिरवला तर दार कोण उघडेल? लोकांना वाटलं असेल भंगारवाला नाहीतर प्रचाराची गाडी. दार उघडायचं कारण म्हणजे आत बसलेल्या म्हाताऱ्याला कळलं पाहिजे की हा आवाज अमक्याच्या पोराचा आहे, आणि यंदा त्याचा आवाज फुटला.

दोन मंडळ्यांचं ऐकून तर हसूच आलं. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केली, त्यात बिशप मानणारे आले, बाप्तिस्मा कोणत्या वयात द्यायचा यावरून शतकानुशतकं भांडणारे आले, सगळे एका मांडवात बसले. आणि तुमच्या आठ जणांची एक पार्टी होत नाही? दोन्ही पास्टरांना विचारूच नका एकत्र होऊ का म्हणून, विचारलं की मीटिंग लागेल आणि मीटिंगमध्ये नाताळ निघून जाईल. नुसतं सांगा की अमुक दिवशी संध्याकाळी सातला पाराजवळ जमतो, आशीर्वाद द्यायला या.

ढोलकी की गिटार हा तर वादच नाही, जे वाजवता येते ते वाजवायचं. म्हातारे हट्टी आहेत असं वाटत असेल तर हे ऐकून ठेव. मराठी चर्चमध्ये जी भजनं आपण गातो त्यातली कितीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेत. कोकणात जन्मलेला माणूस, पण नागपूरला नोकरी केली, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेतच एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हाची चर्चमधली गाणी म्हणजे बरीचशी इंग्रजी चालीवर बसवलेली, ती आपल्या माणसाच्या जिभेवर बसतच नव्हती. टिळकांनी अभंग आणले, भजन आणलं. म्हणजे टाळ-ढोलकी हे जुनंपुराणं राहून गेलेलं काहीतरी आहे असं समजू नको, ते कोणीतरी मुद्दाम, विचार करून, आणलेलं आहे. त्या चाली गिटारवरपण बसतात, पण आधी गिटार येऊ दे.

माणसं कमी पडतात तर गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या पोरांना विचार. तुकडोजी महाराजांच्या विदर्भात खंजिरी वाजवणारा माणूस सापडत नाही असं गाव मला दाखव. दोन संध्याकाळी बसले की त्यांना आपली भजनं येतात, कारण चाल ओळखीचीच असते. एवढंच की वर्षभर त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला तू फिरकला नसशील आणि डिसेंबरात खंजिरी मागायला गेला तर ते बोलून दाखवतील, ऐकून घे.

बाकी हिशेबाचं. रातभर फिरायची गरज नाही, गाव नऊला झोपते, सातला निघा आणि साडेनऊला संपवा. तीन गाणी पाठ पाहिजेत, मोबाईलमध्ये बघून गायचं नाही, उजेड तोंडावर पडतो आणि आवाज छातीत जातो. एक जोरकस, फाटकापासून म्हणत यायला. एक संथ, घरात बसून म्हणायला. एक असं की जे घरातल्या लेकरांनापण येते. जिथं कोणी आजारी आहे ते घर पहिलं घ्यायचं, शेवटी नाही, शेवटी तुमचे गळे बसलेले असतात आणि त्यांना औषध घेऊन झोप आलेली असते. डफ-खंजिरी थंडीनं उतरते, ती मधेमधे शेकोटीवर शेकून घ्या, म्हणजे शेकोटीवर बसलेल्यांकडंपण एक गाणं होऊन जाते. पाकिटात जे पैसे येतील ते कशाला वापरणार ते निघायच्या आधी ठरवा आणि दारात सांगा. आणि गावातला जो जुना ढोलकीवाला असेल, गुडघे गेले म्हणून घरी बसलेला, त्याला मोटारसायकलवर मागं बसवून न्या. तो वाजवेल दोनच घरी. पण तुमच्यातल्या एकानं तेव्हा त्याच्या हाताकडं बघत राहायचं, गाणं सोडून दिलं तरी चालेल.

पुण्याची पोरं पंचवीसला सकाळी उतरतील तेव्हा त्यांच्यासाठी एक घर राखून ठेवायचं, चर्च सुटल्यावर लगेच. नाहीतर पुढच्या वर्षी ते येणारच नाहीत.

प्रश्न : येशूचा जन्म २५ डिसेंबरलाच झाला असं बायबलमध्ये कुठं आहे? मित्र विचारतात.
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, वाशीम

मावशी : कुठंच नाही. तारीख बायबलात दिलेलीच नाही. रोममध्ये २५ डिसेंबर पाळत होते याची जुनी नोंद इसवी सन ३३६ ची सापडते. रशियासारख्या काही देशांतली ऑर्थोडॉक्स चर्चेस जुनं ज्युलियन कॅलेंडर धरतात, ते आता तेरा दिवस मागं पडलं आहे, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. मित्रांना हेपण सांग की २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली होती, ती तारीख तुझ्या परीक्षेत यायची शक्यता जास्त.

प्रश्न : मावशी, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं यंदा नाताळला घरी बोलावलं आहे, आधी चर्चमध्ये ये म्हणते मग जेवायला. आम्ही माळकरी, घरी अंडंपण चालत नाही. कुंकू लावून चर्चमध्ये गेले तर चालते का? चप्पल बाहेर काढायची का? काय न्यायचं? जेवले नाही तर तिला वाईट वाटेल का? सासूबाई जा म्हणाल्या आहेत पण त्यांच्यापण मनात धाकधूक आहे.
— एक मैत्रीण, मोर्शी तालुका

मावशी : कुंकू लाव, मंगळसूत्र घाल, जशी आहेस तशी जा. खेड्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये चप्पल बाहेरच काढतात आणि दरीवर बसायचं असते, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, शहरात बाक असतात आणि चप्पल घालूनच जातात. दारात बघ बाकीचे काय करतात. पदर डोक्यावर घेतलास तर छानच. मागं बस म्हणजे सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, हे सोपं जाते. थैली फिरते दानाची, टाकलंच पाहिजे असं नाही. आणि भाकर आणि द्राक्षरस देतात, प्रभुभोजन म्हणतात त्याला, कॅथलिक असतील तर मिस्सा आणि परमप्रसाद, ते त्यांच्या मंडळीतल्यांसाठीच असते, तेव्हा तू जागेवरच बसून राहा, कोणी काही म्हणत नाही. पाहुण्यांनी पुढं जाऊन हात पसरला की बिचाऱ्या पाद्रींची पंचाईत होते. बाहेर आल्यावर सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन सलाम म्हणतील, तूपण म्हण.

न्यायचं काय? मोर्शीची आहेस आणि मला विचारतेस? संत्री ने! आंबिया बहाराची चांगली टोपलीभर संत्री. केक-बिक विकत नेऊ नको, त्यांच्या घरी त्या दिवशी केकच केक असतो.

जेवणाचं मात्र आधी सांगून टाक, आजच फोन कर. तिथं पानात वाढल्यावर नको-नको करणं हे तिच्यासाठी जास्त वाईट. आपल्याकडं जिथं प्रीतिभोजन होते, म्हणजे सगळ्या मंडळीची पंगत, तिथं वांग्याची भाजी आणि वरण-भात वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आधीच करून ठेवायची पद्धत कितीतरी गावांत आहे, वाढणारेपण वेगळे असतात, कारण गावातले माळकरी, महानुभाव सगळे जेवायला येतात. तुझ्या मैत्रिणीच्या आईला हे माहीत असणारच. सासूबाईंना सोबत घेऊन जा, त्यांना घरी बसून धाकधूक करण्यापेक्षा तिथं बसून वांग्याच्या भाजीला नावं ठेवता येतील.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. पत्नीला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा जर्मनीत. पंचवीस तारखेला व्हिडिओ कॉल येतो, हॅपी ख्रिसमस पप्पा होते, नातू मोबाईलसमोरून पळून जातो, त्याला मराठी थोडं येते. पाच मिनिटांत संपते. चर्चला जातो, वाचन करतो, घरी येऊन खिचडी टाकतो. दोन वर्षांपासून ओसरीवर नाताळाचा तारापण लावत नाही, लावून कोणाला दाखवायचा. तुम्ही म्हणाल लोकांत मिसळा. तो सल्ला नको.
— गुरुजी, राळेगाव तालुका

मावशी : गुरुजी, नमस्कार. बरं, तो सल्ला नाही देत.

पण तारा लावा. दाखवायला नाही, कॅरोलवाल्या पोरांसाठी. अंधारात फिरताना ते ताऱ्याचं घर बघूनच वळतात, ज्या ओसरीवर तारा नाही त्या घरी सुतक असेल नाहीतर म्हातारं माणूस झोपलं असेल असं समजून पुढं जातात. दोन वर्षांत ती तुमच्याकडं आली नसतील तर त्याचं कारण तेवढंच असू शकते.

आता जर्मनीचं. तिकडं खरा सण चोवीसच्या संध्याकाळीच असतो, दुकानं दुपारी बंद, संध्याकाळी घरी झाड, भेटी, जेवण सगळं. पंचवीसला तुमचा कॉल होते तेव्हा त्यांचं सगळं होऊन गेलेलं असते, नातू नवीन खेळण्यात असतो, तो कशाला मोबाईलसमोर बसेल. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतात. म्हणजे चोवीसला रात्री अकरा वाजता तुमच्याकडं, तेव्हा त्यांच्याकडं संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळेला लावा फोन. आणि हॅपी ख्रिसमससाठी लावू नका, वाचनासाठी लावा. लूकचा दुसरा अध्याय, पहिल्या वीस ओव्या, एक तुम्ही मराठीत, पुढची नातवानं जर्मनमध्ये, पुढची तुम्ही. एवढे दिवस चर्चमध्ये तुम्हीच वाचन करून राहिले ना, मग घरचं वाचनपण तुमच्याकडंच. पोराला आठवड्याआधी सांगून ठेवायचं की तुझ्या दहा ओव्या आहेत, तयारी कर, मी चुका काढीन. शिक्षक आजोबा आहेत हे त्याला कळू द्या जरा. लेकरं हॅपी ख्रिसमस म्हणून पळतात कारण त्यापुढं त्यांना तिथं काही कामच नसते.

आणि तुमची मंडळी लहान लेकरांचं नाटुकलं बसवत असेल तर ते बसवून कोण राहिलं यंदा? बहुतेक संडे स्कूलची एखादी कॉलेजातली मुलगी असेल, एकटी, वीस लेकरांना आवरून राहिली असेल, आणि ज्याला दुष्ट हेरोद राजा केलं तो हसत असेल. मी तुम्हाला मिसळा म्हणून सांगत नाही, आधीच कबूल केलं. तुमच्या कपाटात जुनी घोंगडी असली तर मेंढपाळासाठी तेवढी पोचवून द्या, तालमीच्या वेळेलाच पोचवा. पुढं हेरोद बघून तुम्हालाच राहवणार नाही.

प्रश्न : मावशी, ओव्हन नाही, बेकरी लांब, अंडं नको, केक होईल का? पटकन सांगा.
— घाईत असलेली, धामणगावकडची

मावशी : होईल. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, पाऊण वाटी दही, अर्धी वाटी तेल नाहीतर पातळ तूप, एकत्र करून अर्धा तास झाकून ठेव, रवा फुगतो. मग अर्धी वाटी संत्र्याचा रस आणि सालीचा कीस, फक्त केशरी भाग किसायचा, पांढरा गेला की कडू होते. घट्ट वाटलं तर थोडा रस अजून. टुटीफ्रुटी असेल तर टाक. शेवटी एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा, आणि हे घातल्यावर फोन उचलायचा नाही, लगेच तूप लावलेल्या डब्यात ओत. जुना कुकर घे, नवीन नको, खराब होतो. शिट्टी काढ, रबर काढ, पाणी घालायचं नाही, तळाला दोन वाट्या जाडं मीठ, वर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापव, मग डबा आत, बारीक गॅसवर पाऊण तास. सुरी टोचून कोरडी आली की झाला. चुलीवर करणार असशील तर जाळ ओढून घे आणि निखाऱ्यावरच ठेव, नाहीतर खालून कोळसा आणि वरून कच्चा. आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय कापू नको, रव्याचा केक गरम कापला की भुगा होतो, मग चमच्यानं वाढावा लागतो.